दांडा जड होईस्तोवर

भिशी लागली साडेसात हजारांची
आणि कुणाला न विचारता मी ठरवलं, आईस्क्रीमचं मशीन.
जाऊबाई म्हणाल्या, "डोक्शावर पडली काय वो तू?
दिवाणाची गादी फाटून राह्यली, अन्‌ तुले आईस्क्रीम!"
असेन पडले.
मे महिना. अंगणाचं लोखंडी फाटक
सकाळी नवालाच चावायला उठतं.

दारव्ह्याला मोटवानींच्या दुकानात तीन होती.
एक पांढरं, गुबगुबीत. त्याचं भांडं आदल्या दिवशी
फ्रीजरमध्ये झोपवायचं, चोवीस तास.
आमच्या फ्रीजरचं दार सायकलच्या ट्यूबनं बांधलेलं,
आत बर्फसुद्धा अंग चोरून बसतो.
आणि लाईन? ती आपल्या मर्जीची.
दुसरं स्वतःच गार करणारं, बावीस हजार.
त्याच्यावरून नुसता हात फिरवला,
बाजारात दुसऱ्याच्या म्हशीवरून फिरवतात तसा.
तिसरं चार कपांचं.
घरात आम्ही सहा, आणि कुणकुण लागली की गल्ली.

"वॅट पाहता का ताई? गॅरंटी?"
मी विचारलं, "झालं हे कसं कळतं?"
"टायमर आहे ना. टिंग वाजते."

घरी येऊन बाबांना ती टिंग सांगितली.
बाबा दोन वर्षांपासून माझ्याकडेच.
उजवा हात मांडीवर ठेवून बसतात,
म्हणजे डाव्या हातानं तो तिथे आणून ठेवतात.
एका बाजूनं हसले.
"टिंगले काय माईत, आतमंदी दूध काय म्हनते?"

हाच हात
वाकोडे बिछायत केंद्राच्या टेम्पोत मागे बसून
बोरी, लाडखेड, पार आर्णीपर्यंत
लग्नालग्नांतून पॉट फिरवायचा.
गोणपाटातली लादी, तिच्यावर मोगरीचे घाव,
थर बर्फाचा, मूठ खड्या मिठाची,
पुढे मांडवात वाजंत्री, मागे ही करकर, तास तास.
पात्याला चिकटलेलं त्यांचं, असा करार.
ते डब्यात खरवडून आणायचे रात्री.
घरी पोचेपर्यंत त्याचं दूध झालेलं,
कोमट, वेलचीचं.
मी चौथीत जाईपर्यंत
आईस्क्रीम प्यायचं असतं असंच समजत होते.

"पयले दांडा हलका असते, पोट्टं बी फिरवते.
मंग अडते. मंग आवाज बसते त्याचा,
घसा बसल्यावानी.
तवा सोडाचं नाई. मनगटाले जड लागला का मंग थांबाचं."

वाकोड्यांकडे खुर्च्यांच्या थप्पीमागे होता एक.
लाकूड सुकून कडी सैल, आत कोळ्याचं बिऱ्हाड.
अकराशे म्हणाले, नऊशेवर आणला.
दोन दिवस टाक्यात बुडवून ठेवला.
लाकूड फुगलं, फटी मिटल्या.

रविवारी लोकेशनं बसच्या टपावरून बर्फ आणला,
अर्धा रस्त्यानं गळून गेलेला.
गावरान आंब्याचा रस, आटवलेलं दूध, मूठभर चारोळी.
लाईन गेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.
पोरं पाळीपाळीनं फिरवत होती,
बाबा झाकणावर डावा पंजा ठेवून, डोळे मिटून.
मध्येच म्हणाले, "थांब."
"आजोबा, आत्ता तं सुरू केलं!"
"थांब म्हनलं ना."

झालं होतं. घट्ट. पात्यावरून पडेना.
आणि खारट.
झाकणाच्या फटीतून मिठाचं पाणी शिरलेलं,
ते काही पंजाला कळलं नव्हतं.
पोरांनी तोंडं वाकडी केली, वाट्या मात्र चाटल्या.
बाबांनी पातं मागून घेतलं,
डाव्या हातात उभं धरलं,
आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिले
ते वितळत नाही ते.

उरलेल्या पैशांत गादी आली.
जाऊबाई तिच्यावर मांडी घालून बसल्या आहेत.
"पुढच्या खेपेले मीठ मी टाकतो," म्हणतात,
"तुले अंदाज नाई."